नवशिक्यांचं मशीन

४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणतात, राग आला की ओरडायचं नाही, लिहून काढायचं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर निघालाय. म्हणून ही वही. दुकान दहाला उघडतं, मी नऊला येतो. तेवढ्या वेळात आदल्या दिवसाचा राग इथे ओतायचा. वही पुरेल असं वाटत नाही.

काल सेत्सुबुन होता. कुणीतरी राक्षस व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला भाजलेल्या सोयाबीनचे दाणे मारून हाकलायचं. आमच्या गेम सेंटरच्या मालकीण इसोमुराबाई, वय एकाहत्तर, जीभ विशीतली. दाण्यांचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कुरामोची, तू हो राक्षस. मुखवटा राहू दे, आहे तो चेहरा पुरे." सगळी गिऱ्हाइकं खो खो हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी दाणे झाडत होतो, तर बाई जिन्यात येऊन बसल्या आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरची लढाईच्या व्हिडिओ गेमची मशीनं एकतीस मार्चला काढतेय. बाहुल्या उचलायची मशीनं येतील."

"का?"

"वर माणूस कुठाय? तू, तो अरिमोतो आणि ते चार म्हातारे होत चाललेले बोके."

तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षं मी तो मजला सांभाळलाय. सहा मशीनं, तीन जोड्या, पाठीला पाठ लावलेल्या. समोर बसलेल्या जिवंत माणसाशी लढायला या कोकुरा शहरात एवढीच एक जागा उरलीय. आणि बाहुल्या! लोखंडी पंजाने कापडाचं अस्वल उचलायचं! मी इतका ओरडलो की खाली कुणाचं तरी नाणं हातातून पडलं. बाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बरं. दहा नवी माणसं आण. एकदा फिरकून जाणारी नव्हेत, परत परत येणारी. मार्चअखेर दहा झाली तर मशीनं राहतील."

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही, आणि या मशीनांपलीकडे मला काही म्हणजे काही येत नाही. ती गेली तर मी खाली उभा राहून पोरांना अस्वलं काढून देणार. त्यापेक्षा मोजीच्या बंदरात हमाली करीन.

७ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंचं नवीन फर्मान: कोणता खेळ कुणाला किती अवघड, ते पाटीवर लिही. "करीच्या पाकिटावर लिहितात ना, गोड, मध्यम, तिखट. तसं."

मी म्हटलं, "बाई, तिखट पाकिटात नसतं, खाणाऱ्याच्या जिभेवर असतं."

"लिही म्हटलं ना. शहाणपणा नको."

बसलो लिहायला. आपल्याकडे खेळ तीन: हागाने, त्सुबामे आणि योरोई. हागाने सगळ्यांना सोपा वाटतो. पहिल्या दिवशी आलेला माणूस आंधळेपणाने बटणं बडवतो, पडद्यावर त्याचा पैलवान अशा काही गिरक्या घेतो की त्याला वाटतं, आपल्याला येतंय. कधीकधी जिंकतोसुद्धा. महिन्याभराने तोच माणूस विचार करून खेळायला लागतो आणि काल आलेल्या बडव्याकडून मार खातो. सहा महिन्यांनी त्याला कळतं की एकेका पैलवानाचे शंभरावर डाव आहेत आणि आपले तर आपले, समोरच्याचेही पाठ करावे लागतात. निम्मे तिथूनच पळतात. त्सुबामेचं उलटं. पहिल्या दिवशी धड उडी मारता येत नाही. समोरच्याने एकदा हवेत उचललं की खाली येईपर्यंत आपण चहा पिऊन यावं. पण दोन महिने टिकलं तर हात आपोआप चालतात. योरोई म्हातारा खेळ. डाव मोजून पंधरा, तासाभरात समजतात. आणि म्हणूनच कसलेल्याला तो सगळ्यात अवघड. दोघांनाही सगळं येत असतं, लपायला जागा नसते, समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय एवढंच ओळखायचं उरतं.

खरं सांगायचं तर तिन्ही खेळांत सगळ्यात हाल मधल्या माणसाचे. नवख्याला आपल्याला काय येत नाही तेच माहीत नसतं, म्हणून तो सुखी. मधल्याला आपण किती वाईट आहोत ते स्वच्छ दिसतं आणि इलाज दिसत नाही. मी चार वर्षं तिथे अडकलो होतो. त्या चार वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या.

हे सगळं पाटीवर मावेना. शेवटी लिहिलं: "हागाने: बटणं बडवणाऱ्यांनाही चालेल. त्सुबामे: दोन महिने मार खायची तयारी असेल तरच. योरोई: भित्र्यांनी बसू नये." आणि खाली लाल शाईत: "रडायचं असेल तर घरी." सुटसुटीत झालंय. बाईंनी वाचलं आणि काही न बोलता खाली गेल्या, म्हणजे पसंत पडलं असावं.

१० फेब्रुवारी, रविवार

काल पाटी टांगली. हागानेची एक जोडी नव्या माणसांसाठी राखली आणि वर पिवळा कागद चिकटवला: "नवशिक्यांचं मशीन. कसलेल्यांनी बसू नये." हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

दुपारी कॉलेजातलं एक जोडपं आलं. मुलगी पाटी वाचून हसली. दोघं एकमेकांशी धपाधप खेळत होते, किंचाळत होते, येत काहीच नव्हतं. मला बघवेना. मुलगा पाणी आणायला उठला तसा मी त्याच्या जागी बसलो. मी इथला नोकर माणूस, मला कागद लागू नाही. सात लढती खेळून मुलीला दाखवून दिलं की असं बडवून भागत नाही. एकही फेरी दिली नाही. मग उठून पलीकडे तिच्यापाशी गेलो. अंगठा कुठे चुकतो, खालची लाथ का अडवायची, सगळं समजावलं. दहा मिनिटं फुकट शिकवणी! मान वर करून बघतो तर मुलगा तिची बॅग घेऊन जिन्याशी उभा.

"थँक्यू, काका," म्हणाली आणि गेली.

काका! बरं, ते सोडा. चिकाटी म्हणून नाही हल्लीच्या पोरांत. एक दिवस मार खाल्ला की पळाली. दहा कुठून आणू?

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल संध्याकाळी एक बाई आली. अडतीस-चाळीसची, अंगात निळा एप्रन, पायात रबरी बूट. कोंड्याच्या मसाल्याचा आणि माशांचा वास तिच्याआधी जिन्यातून वर आला. तांगा बाजारात तांदळाच्या कोंड्यात शिजवलेल्या सार्डीन माशांचं दुकान आहे तिथे काम करते. नाव त्सुकादा नोरिको. पाटी पूर्ण वाचली, लाल शाईतली ओळ दोनदा, आणि म्हणाली, "नवशिक्यांचं कुठलं?"

अकरा वेळा हरवलं. तिला धड लिव्हर धरता येत नाही, भाताचं भांडं घासावं तशी धरते. एकच खालची लाथ येते, तीच मारत बसते, आणि मी ती डोळे मिटूनही अडवतो. प्रत्येक लढतीनंतर पलीकडे जाऊन सांगितलं, हे चुकलं, ते चुकलं, अक्कल काय बाजारात ठेवून आलात का. दुसरं कुणी असतं तर पाचव्याला उठलं असतं. ही माझ्याकडे टक लावून ऐकत होती. माझं बोलून झालं की म्हणायची, "अजून एकदा?"

गाढव बाई. उद्या यायची नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस सलग आली. एक झाली म्हणायची.

पण राग निराळ्याच कारणाने आलाय. अरिमोतो! लिफ्ट दुरुस्त करतो, चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, वीस वर्षं माझ्याशी योरोई खेळतो आणि दहांतल्या चार जिंकतो. एवढा कसलेला माणूस शनिवार-रविवार येऊन नवशिक्यांच्या मशीनवर बसतो. एका हाताने खेळतो, दुसऱ्या हातात कॉफीचा डबा. ही शिकार आहे! नव्या माणसांची शिकार! म्हणून माझ्याकडे माणसं टिकत नाहीत. शनिवारी तिघं नवी आली होती, पहिल्यांदा त्याच्या समोर बसली. मग त्यांना जरा सावरावं, नीट खेळ कसा असतो ते कळावं, म्हणून मी बसलो, तर अर्ध्या तासात तिघंही गायब. अरिमोतोने आधीच त्यांचा जीव काढलेला.

वर मलाच सांगतो, "कुरा, तू हरलेल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहू नकोस रे."

मला नियम शिकवतो! लढत संपली की उठून पलीकडे जायचं नाही, हे मला ठाऊक नाही? मशीनं पाठीला पाठ लावतात ती त्यासाठीच. हरलेल्याचं तोंड जिंकलेल्याने बघू नये. पलीकडे गेलात तर त्याचा अर्थ एकच, खरी मारामारी करायचीय. कोकुरात त्यावरून दात पडलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. पण मी जातो ते शिकवायला. ते वेगळं.

२४ फेब्रुवारी, रविवार

नोरिकोबाईंना काल एका लढतीत माझ्या पैलवानाची एक तृतीयांश ताकद खाता आली. मी म्हटलं, "दांडा सैल झालाय या मशीनचा." तिने पुढचं नाणं टाकलं. नंतर सहज विचारलं, बाजारात एवढे तास उभं राहून दमत नाही का, इथे कशाला येता मार खायला?

म्हणाली, "दिवसभर माझ्याशी सगळे गोड बोलतात. घरी सासूबाईसुद्धा. 'छान झालंय हं नोरिको' म्हणतात आणि मी केलेलं कचऱ्यात टाकतात. मी बघितलंय. तुम्ही निदान तोंडावर गाढव म्हणता."

ही काय तऱ्हा झाली? मी पुढची लढत जरा जास्तच जोरात जिंकलो. आता ती मधल्या टप्प्याला लागलीय, कुठे चुकलं ते हरताना तिला कळतं, तोंड कडू होतं तिचं. आता हाल सुरू. सोडून जाईल की काय अशी धास्ती वाटली, ती मशीनांची म्हणून. दहातली एक आहे ना.

२७ फेब्रुवारी, बुधवार

अरिमोतोला हाकललं. एक महिना वर पाय ठेवायचा नाही. कागद दाखवला, वाच म्हटलं, कसलेल्यांनी बसू नये. तो म्हणाला, "आणि तू?" मी म्हटलं, "मी शिकवतो." तो एवढा हसला की कॉफी सांडली. पुसायला लावली त्याच्याकडूनच.

आता बघा कशी माणसं टिकतात.

४ मार्च, सोमवार

नाही टिकली. शिकारी नाही तरी नाही टिकली. परीक्षा चालू आहेत, फुलांच्या परागांनी लोकांची नाकं वाहतायत, तिसऱ्या तारखेला मुलींच्या बाहुल्यांचा सण, घरोघर पाहुणे. या शहराला खेळाची किंमतच नाही, दुसरं काय.

इसोमुराबाई म्हणाल्या, "कुरामोची, तू आता सकाळचंच ये. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी घरी आराम कर." माझ्या रक्तदाबाची त्यांना काळजी. मी म्हटलं, बाई, मशीनं जायच्या बेतात असताना मी घरी बसेन होय? मी उलट रात्री आठपर्यंत थांबतो. त्यांनी कपाळावर हात मारला. कधी नव्हे ते माणूस माया करतं, नाही म्हणायलाही जिवावर येतं.

१० मार्च, रविवार

डॉक्टर गेले खड्ड्यात.

काल दुपारी परतलेल्या नूडल्सच्या, याकीउदोनच्या टपरीवर अरिमोतो भेटला. शेजारी बसला. मी उठणार तेवढ्यात म्हणाला, "कुरा, एक ऐक आणि मग मार मला. मी नव्या माणसाला पहिली फेरी हरवतो. दुसरी सोडतो. तिसरी काट्याची करतो, कधी देतो, कधी घेतो. हरलो की केवढ्याने बोंब मारतो! ती पोरं हसत खाली जातात आणि पुढच्या शनिवारी येतात. आमचा साहेब गोल्फ खेळतो तेव्हा आम्ही मुद्दाम हरतो, तसाच पाहुणचार. तू कधी कुणाला एक फेरी तरी दिलीस?"

"आयुष्यात नाही!"

"मग बाईंना विचार."

तसाच दुकानात आलो. बाईंच्या गल्ल्यामागे कॅलेंडर. जिना त्यांच्या समोरच, कोण वर गेलं, कोण कसल्या तोंडाने उतरलं, त्यांना सगळं दिसतं. पेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या. म्हणाल्या, "चार फेब्रुवारीपासून तेवीस नवी माणसं वर गेली. सतरांच्या समोर तू बसलास. त्यांतली परत आली एक. बाकी सहा तुझ्या तावडीतून सुटली, त्यांतली पाच येतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सेत्सुबुनला काय चेष्टा केली होती? पाटी वाचून काही बोलले नाही, तेव्हा? घरी बस म्हटलं, तेव्हा? तुला सांगायचं म्हणजे घणच घालायला हवा का रे?"

नाचता येईना अंगण वाकडं! महिनाभर मी अंगणालाच शिव्या घालत होतो. शिकारी मी. सोळा माणसं मी पळवली. ज्या मशीनांसाठी जीव टाकतो त्यांच्या उरावर मीच बसलोय. अरिमोतोला फोन करून ये म्हटलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "येताना स्वतःची कॉफी आण." आला मेला.

१३ मार्च, बुधवार

आता हे कसं लिहू.

ठरवलं होतं, पाहुणचार तर पाहुणचार. आणि सगळ्यात आधी कुणाचा? जी टिकलीय तिचा. ती गेली तर गेलंच सगळं. काल नोरिकोबाई आल्या, बसल्या. पहिली फेरी मी घेतली. दुसऱ्या फेरीत तिची ती खालची लाथ आली आणि मी अडवली नाही. परत आली, परत नाही अडवली. पाच वेळा. माझा पैलवान आडवा. तिसऱ्या फेरीतही तेच. पलीकडून पहिल्यांदा "अय्या!" असं ऐकू आलं. मला एवढं बरं वाटलं की मीसुद्धा अरिमोतोसारखी बोंब मारली.

मग रबरी बुटांचा आवाज. ती उठून मशीनच्या या बाजूला आली. सगळ्यांचे हात बटणांवरच थांबले. पलीकडे येणं म्हणजे काय ते तिला एव्हाना ठाऊक होतं.

"हे काय होतं?"

"काय म्हणजे? जिंकलात. अभिनंदन."

"एकच लाथ दहा वेळा लागली तुम्हाला. महिनाभर एकदाही लागली नव्हती."

"वय झालं माझं. हात चालत नाही."

"खोटं बोलू नका!" काय आवाज होता तो! बोके उठून उभे राहिले. "चोवीस तास लोक माझ्याशी खोटं वागतात, मी त्यांच्याशी खोटं हसते. एक जागा होती. एक माणूस होता, तोंडाने घाणेरडा, पण खरा. भीकच घ्यायची होती तर देवळाच्या पायरीवर बसले असते मी!"

एप्रनची गाठ घट्ट केली आणि गेली. मागे वळूनही बघितलं नाही.

सोळा जणांना जे द्यायला हवं होतं ते मी त्या एकीला दिलं जिला ते नको होतं. माझ्याइतका मूर्ख या बेटावर दुसरा नसेल. अरिमोतो म्हणाला, "अरे, पाहुणचार माणूस बघून करायचा असतो." त्याला जिन्यातून ढकलावंसं वाटलं.

२० मार्च, बुधवार

आठ दिवस झाले, आली नाही. काल तांगा बाजारात गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. दुकानात ती कढईपुढे उभी, डोक्याला पांढरं फडकं.

"यावं, यावं! काय देऊ साहेबांना? सार्डीन आजचे आहेत." चेहऱ्यावर असं गुळगुळीत हसू की मला ओळखलंच नाही असं वाटावं.

"सार्डीन नकोत."

"मग मॅकरेल घ्यावेत. कोवळे आहेत."

"अहो, शिव्या द्या ना मला!" मी ओरडलो. दोन म्हाताऱ्या पिशव्या छातीशी धरून बाजूला झाल्या.

"साहेबांच्या मागे गिऱ्हाईक उभं आहे," ती तसंच हसत म्हणाली.

पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "एकतीसला मशीनं जातील. त्या दिवशी तुम्ही आलात तर मी सोडणार नाही. एकही लाथ लागू देणार नाही. तुडवीन. एवढंच सांगायला आलोय."

"आभारी आहे. पुन्हा यावं," ती म्हणाली आणि सार्डीनचं पुडकं हातात ठेवलं. घरी येऊन खाल्ले. फार उत्तम होते, त्याचाही राग आला.

२७ मार्च, बुधवार

मी आता नव्या माणसांसमोर बसत नाही. वरचे दिवे पुसतो, खुर्च्या पुसतो, आतल्या आत जळतो. पाटी काढली. अरिमोतो रोज कामावरून येतो आणि सुंदर हरतो. त्याच्यामुळे आणखी तीन टिकले. पाच आणि तीन, आठ.

काल इसोमुराबाई म्हणाल्या, "दोन बोके नवे म्हणून मोजू का? मलाही त्या बाहुल्यांचं काही कौतुक नाही रे. पण मजला रिकामा ठेवून मी किती दिवस काढू?"

त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. हो म्हणायचं होतं नुसतं. मी म्हटलं, "दहा म्हणजे दहा. खोटं मोजू नका, बाई." बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द परत घेतला नाही. कुणामुळे असं बोललो ते मला माहीत आहे.

१ एप्रिल, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं आलंय, येऊ दे.

काल शेवटचा दिवस. आठही नवे आले, बोके आले, बाईंनी सगळ्यांना चहा दिला. मशीनं हाकातातल्या कुणीतरी विकत घेतलीत, आज सकाळी न्यायची. चार वाजता जिन्यातून कोंड्याचा वास आला.

नोरिको वर आली. नवशिक्यांच्या मशीनवर नाही, योरोईला बसली. भित्र्यांनी बसू नये त्याला. मी पलीकडे बसलो.

पहिल्या फेरीत तुडवली. सांगितलं होतं तसं. तिला श्वास घेऊ दिला नाही. मला आतून रडू येत होतं आणि हात चालत होते.

दुसरी फेरी. मी तिला पाडलं. ती उठली आणि मी पुढे गेलो तसं तिने मलाच उचलून आपटलं. म्हटलं, नशिबाने लागला नेम. परत पाडलं, परत आपटलं तिने. तिसऱ्यांदा तेच, आणि तेव्हा मला कळलं. मी माणसाला पाडलं की एक श्वास थांबतो आणि वरून मारतो. तीस वर्षांची खोड. अरिमोतोला ती दिसलेली नाही, कारण त्याला मी क्वचित पाडतो. बोक्यांना दिसलेली नाही. ही बाई महिनाभरात माझ्यासमोर चारशे वेळा तरी पडली असेल. खाली पडून तिला तेवढंच दिसत होतं.

मी खोड बदलायला गेलो तोवर ताकद संपली होती. फेरी तिची. खरी. मी एक बोटसुद्धा ढिलं सोडलं नव्हतं.

आणि माझं टाळकं फिरलं. आयुष्यात एवढा राग आला नव्हता. मूठ वळली आणि मशीनवर आदळली. बटणांच्या पट्टीला आरपार तडा गेला, आणि माझ्या हातात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मशीनवर हात उगारणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही जन्मभरासाठी हाकलतो. तिसरी फेरी सुरू झाली होती. मी उजवा हात पोटाशी धरून वाकलेलो, माझा पैलवान पडद्यावर नुसता उभा. तिने त्याला मारलं. थांबली नाही, ढिली पडली नाही, शेवटच्या ठोशापर्यंत मारलं.

बाई धावत वर आल्या. तडा बघितला. "विकलेल्या मशीनला हे कुणी केलं?"

नोरिको उठून वाकली, सवयच तिला. "माफ करा, माझ्यामुळे..."

"गप्प बस!" मी ओरडलो. "तुझं काय त्यात? मी फोडलं! मी हरलो म्हणून फोडलं!"

सगळा मजला माझ्याकडे बघायला लागला. अरिमोतो म्हणाला, "काय म्हणालास, कुरा?"

"हरलो म्हटलं! बहिरा आहेस का?"

बाईंनी मला जन्मभरासाठी हाकललं. मग टॅक्सी बोलावली. नोरिको बरोबर आली. करंगळीखालचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. इस्पितळात बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, "तिसऱ्या फेरीत तुमचा हात मशीनवर नाही, हे मला कळलं होतं. पैलवान हलत नव्हता."

"मग?"

"मी थांबले नाही."

"बघितलं मी."

"थांबायला हवं होतं का?"

"थांबली असतीस तर जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, सहा आठवडे आहेत तर ती तेवढ्यात वरून येणारा मार अडवायला शिकून घेईल, म्हणजे पुढच्या वेळी पहिली फेरीही अशी जाणार नाही. मी म्हटलं, कुठे शिकणार? कोकुरात आता कुठेच नाही, हे आम्हा दोघांनाही त्याच वेळी आठवलं. तेवढ्यात नर्सने माझं नाव पुकारलं आणि मी उठलो.